मैदान, दप्तर आणि प्रवेशाचे दार

दहावीचा निकाल जाहीर झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत धाराशिव जिल्ह्यातील खेळाडू मुलामुलींच्या घरी जो एक निर्णय घेतला जातो, त्याची नोंद शिक्षण खात्याच्या अथवा क्रीडा खात्याच्या कोणत्याही दप्तरात होत नाही. आणि तरीही या जिल्ह्याच्या क्रीडाजीवनाचे भवितव्य जितके त्या निर्णयावर अवलंबून असते, तितके ते कोणत्याही स्पर्धेच्या निकालावर नसते. मुलगी अभ्यासात हुशार असली, गुण नव्वद टक्क्यांच्या आसपास गेले असले, की चुलते, मामा आणि शाळेतले गुरुजी एकमुखाने लातूरचे नाव घेतात, तेथे खोली पाहिली जाते, शिकवणीचा पहिला हप्ता भरला जातो, आणि ज्या क्रीडाशिक्षकाने त्या मुलीला पाचवी-सहावीपासून खांबावर सूर मारायला शिकविले, त्याच्याकडे निरोप जातो, "सर, पोरगी आता अकरावीला चालली, दोन वर्सं मैदान बंद." गुण बेताचे पडले, तर तीच मुलगी जवळच्या महाविद्यालयात नाव घालते आणि खेळत राहते. सोळाव्या वर्षी अशी ही फारकत होते, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की हुशार मुलाने खेळ सोडणे आणि खेळणाऱ्या मुलाने अभ्यासाची आशा सोडणे या दोन्ही गोष्टी आपण निसर्गक्रम म्हणून स्वीकारल्या आहेत.

लातूरला दोष देण्याचा माझा हेतू नाही. 1982 साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातूनच लातूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, आणि पुढच्या दशकांत तेथील शिक्षकांनी, विशेषतः राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या आश्रयाने, कठोर परिश्रमाची आणि सरावपरीक्षांची जी पद्धती घडविली, तिने मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या हजारो मुलांना वैद्यक व अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली. ज्या मुलखाने 1948 पर्यंत निजामी अंमलात शिक्षणाची उपेक्षा सोसली, 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडची गावे जमीनदोस्त झालेली पाहिली, आणि ज्याची गणना 2018 मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत केली, त्या मुलखातील बापाने आपल्या मुलीसाठी निश्चित दिसणारी वाट धरली, तर त्यात त्याचा कसूर काय? प्रश्न त्या बापाच्या निवडीचा नाही. प्रश्न असा आहे, की ज्या उच्च शिक्षणसंस्थांच्या दारात ही मुलगी दोन वर्षांनी उभी राहणार आहे, त्यांपैकी एकीनेही तिला अद्याप असे का सांगितले नाही, की तू खेळत राहा, अभ्यासही कर, आम्ही तुझी वाट पाहत आहोत?

जगात असे सांगणाऱ्या संस्था आहेत, आणि त्या दुय्यम दर्जाच्या नाहीत. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळावयाचा, धसमुसळा पण डावपेचांनी भरलेला खेळ तेथील महाविद्यालयीन जीवनाचा केंद्रबिंदू होऊन बसला आहे. आणि त्या खेळाच्या संघासाठी शाळकरी वयातील खेळाडू हेरून, त्यांच्या घरी जाऊन, आईबापांशी बोलून त्यांना आपल्या विद्यापीठाकडे वळविण्याचा जो व्यवसाय तेथे चालतो, त्यात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्यासारखी, जेथे प्रवेश मिळणे हीच आयुष्यातील मोठी परीक्षा मानली जाते अशी विद्यापीठेही उतरलेली आहेत. पूर्वेकडील आठ जुन्या विद्यापीठांनी मिळून, ज्यांना आयव्ही लीग असे नाव आहे, 1945 मध्ये फुटबॉलपुरता आणि 1954 मध्ये सर्व खेळांसाठी एक करार केला. त्याचा मथितार्थ असा, की खेळतो म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती द्यावयाची नाही. आर्थिक मदत मिळेल ती कुटुंबाची गरज पाहून, आणि ती खेळणाऱ्याला व न खेळणाऱ्याला एकाच नियमाने. खेळाडू मध्येच जायबंदी झाला अथवा त्याने खेळ सोडला, तरी त्याची मदत या करारामुळे अबाधित राहते. इतरत्र खेळाडूच्या शिक्षणाचे भवितव्य त्याच्या गुडघ्यावर टांगलेले असे. येथे ते टांगलेले नाही.

याच संस्थांनी पुढे एक गणिती मोजमापही ठरविले. खेळाडूचे शालेय गुण आणि प्रवेशपरीक्षेतील गुण एकत्र करून त्याचा एक निर्देशांक काढावयाचा, आणि संघात घेतलेल्या सर्वांची सरासरी ही विद्यापीठातील एकंदर विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून ठराविक अंतरापेक्षा खाली जाऊ द्यावयाची नाही. त्यामुळे प्रशिक्षकाला एखादा अभ्यासात कच्चा पण मैदानावर असामान्य मुलगा हवा असेल, तर त्याची भरपाई करणारा, गुणवत्तेत वरचढ असा दुसरा खेळाडूही त्याला शोधावा लागतो. आणि म्हणून तेथील प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच भेटीत त्याच्या धावण्याच्या वेगाबरोबर त्याची गुणपत्रिकाही विचारतो. स्टॅनफर्डमध्ये प्रशिक्षकाची पसंती कितीही उत्कट असली, तरी प्रवेश समितीने अर्ज वाचून संमती दिल्याखेरीज तिला किंमत नाही. अँड्र्यू लक हा तेथील विख्यात क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरविणारा मुख्य गडी, वास्तुरचनेची पदवी घेऊन 2012 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. मायरन रोल नावाचा खेळाडू तर फ्लोरिडा स्टेटसारख्या खेळवेड्या विद्यापीठात असतानाच 2008 मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी निवडला गेला. मुलाखत आणि सामना एकाच दिवशी आले, तेव्हा विद्यापीठाने त्याला मुलाखत देऊ दिली आणि मग सामन्याच्या गावी पोहोचविले. पुढे तो मेंदूचा शल्यचिकित्सक झाला.

परंतु ही व्यवस्था निर्मळ आहे असे समजून कोणी तिची नक्कल करू लागेल, तर त्याची फसगत होईल. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर जो दीर्घ खटला चालला, त्यात उघड झालेल्या आकडेवारीप्रमाणे प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता, आणि इतरांच्या बाबतीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही बरेच खाली होते. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी सहकाऱ्यांसह 2001 आणि 2003 मध्ये दोन ग्रंथ लिहून दाखवून दिले, की असे निवडलेले खेळाडू प्रवेशाच्या वेळच्या त्यांच्या गुणांवरून जेवढी अपेक्षा करावी तेवढेही वर्गात करून दाखवीत नाहीत. अर्थात दोष केवळ प्रवेशाच्या सवलतीत नसून प्रवेशानंतरच्या वेळापत्रकात आणि वातावरणातही आहे. शिवाय या राखीव वाटेचा लाभ तेथे गरिबांनाच मिळतो असेही नाही. नौकानयन, स्क्वॉश, तलवारबाजी असे जे खेळ श्रीमंतांच्या शाळांतच शिकता येतात, त्यांच्या खेळाडूंनाही हीच वाट मोकळी असते. आणि 2019 साली तर असे उघडकीस आले, की काही धनिक आईबापांनी एका दलालामार्फत प्रशिक्षकांना पैसे चारून, जी मुले तो खेळ कधी खेळलीच नव्हती त्यांची खेळाडू म्हणून निवड करवून घेतली. आपल्याकडे शासकीय नोकरीच्या क्रीडा आरक्षणात, ज्या खेळांची मैदाने कोणी पाहिली नाहीत अशा खेळांची बनावट प्रमाणपत्रे जोडून ज्यांनी खऱ्या खेळाडूंच्या जागा बळकावल्या, त्यांचे आणि या धनिकांचे कुळ एकच.

एवढे सारे दोष मान्य करूनही त्या व्यवस्थेतील एक तत्त्व मला मोलाचे वाटते. तेथे खेळाडूचा शोध संस्था स्वतः घेते, प्रवेशापूर्वी घेते, आणि त्याला घेताना तो आपल्याकडे शिकू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या सहीने देते. एकदा सही केली की तो पदवीपर्यंत पोहोचला नाही तर तो कलंक संस्थेचाही ठरतो. जून 2025 मध्ये तेथील न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे आपल्या खेळाडूंना वर्षाला एकंदर सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट मोबदला देऊ लागली आहेत. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी त्यात सहभागी न होण्याचे ठरविले. पैशाचा पूर आलेला असतानाही 1954 चा करार त्यांनी टाकून दिला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. धाराशिवला लंबगोल चेंडू ठाऊक नाही; येथे खो-खो आहे, आणि तो या जिल्ह्याने असा जोपासला आहे, की राज्याच्या आणि देशाच्या महिला संघाची निवड होते तेव्हा धाराशिवचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये पुरुष व महिलांची 55 वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच शहरात, तुळजाभवानी स्टेडियमवर भरली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरविले, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोला नुसत्या पायांचा खेळ समजणाऱ्यांनी तो कधी नीट पाहिलेला नसतो. दोन खांबांच्या मध्ये आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्याखेरीज बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीका आहेत. म्हणजे वरवर पाहता सारे नियम पळणाऱ्याच्या बाजूचे, परंतु पाठीमागून केव्हाही 'खो' मिळून ताज्या दमाचा, दुसऱ्या बाजूला तोंड असलेला गडी उठू शकतो, या एका गोष्टीने तो सारा लाभ हिरावून घेतला जातो. म्हणून चांगली पळणारी मुलगी मागे पाहत नाही, बसलेल्यांकडे पाहते: कोणाचे तोंड कोणीकडे आहे, कोणाच्या टाचा उचलल्या गेल्या आहेत, पुढचा खो कोणाला मिळण्याचा संभव आहे. एकेरी साखळीने पळावे की वर्तुळाकार फिरून पाठलाग करणारीला दमवावे, हा निर्णय ती क्षणार्धात घेते, आणि वरिष्ठ गटाच्या नऊ मिनिटांच्या डावात असे निर्णय तिला शेकड्यांनी घ्यावे लागतात. अवकाशाची अशी जाण, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या शक्यतांची मनाशी केलेली अशी मांडणी, आणि चूक होताच बाद होऊन बाहेर बसण्याची शिस्त या गुणांना विद्वत्तेच्या मंदिरात काहीच किंमत नसावी, असे ज्याला वाटते त्याने विद्वत्तेची व्याख्या फार संकुचित केली आहे. खो-खोच्या धुरीणांनी आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना इला, जानकी, राणी लक्ष्मीबाई आणि एकलव्य, अभिमन्यू, भरत अशी नावे दिली. त्यांतील एकलव्याचे नाव मला येथे विशेष अन्वर्थक वाटते, कारण गुरुकुलाच्या दारातून परत पाठविलेल्या विद्यार्थ्याचे ते नाव आहे.

सारिका काळे हिची हकीकत या संदर्भात सांगितलीच पाहिजे. धाराशिवच्या या मुलीला तिच्या मामांनी तेराव्या वर्षाच्या सुमारास मैदानावर नेले. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसे कमावता येत नसे, आई शिवणकाम करी, आणि सारे घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाले. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसाकाठी एका जेवणावर काढली, आणि पोटभर चांगले जेवण मिळे ते प्रशिक्षण शिबिराला गेल्यावरच, असे तिने स्वतः पुढे सांगितले. फेब्रुवारी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले; आणि त्याच वर्षी घरच्या आर्थिक विवंचनेने खचून तिने खेळ सोडण्याचे ठरविले होते. देशाच्या संघाची कर्णधार, गळ्यात सुवर्णपदक, आणि घरी दाराला आतून कडी. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घालून तिला पुन्हा मैदानावर आणले. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली, आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो मान 22 वर्षांनी लाभत होता.

या हकीकतीचा शेवट सुखाचा आहे म्हणून आपण टाळ्या वाजवितो. मी मात्र त्या बंद दाराजवळ थांबतो. त्या दारावर थाप मारायला कोण गेले? एक प्रशिक्षक गेला, आणि तोही आपल्या जिव्हाळ्यापोटी गेला. अशा वेळी खेळाडूच्या दाराशी जाणे ज्याच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग आहे, असा एकही मनुष्य कोणत्याही संस्थेत नव्हता. आपल्या राज्याने खेळाडूंसाठी काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाच्या पातळीप्रमाणे कमाल 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि 1 जुलै 2016 च्या शासननिर्णयाने त्याचे निकष नव्याने ठरविलेले आहेत. केंद्राच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूला दरमहा 10,000 रुपये हातखर्चाला मिळतात. परंतु या तजविजींकडे एकत्र पाहावे, तर ध्यानात येते, की गुण हे झालेल्या खेळाचे बक्षीस आहे, नोकरी ही संपत आलेल्या खेळाचे निवृत्तिवेतन आहे, आणि मासिक रक्कम मोजक्यांच्याच वाट्याला येते. सोळा ते बावीस या वयात, जेव्हा शरीर सर्वांत समर्थ आणि बुद्धी सर्वांत ग्रहणशील असते, तेव्हा या दोहोंचा भार एकदम उचलू पाहणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभी राहील अशी संस्था या साखळीत कोठेच नाही.

देशात काही प्रयत्न झाले आहेत. दिल्ली विद्यापीठात क्रीडा व कलागुणांसाठी मिळून पाच टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा असतात, आणि अलीकडे खेळाडूंच्या निवडीत 75 टक्के भार खेळाला व 25 टक्के भार प्रवेशपरीक्षेला दिला जातो. मद्रासच्या आयआयटीने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरील पदकविजेत्यांसाठी ठेवल्या, त्यांतील एक मुलींसाठी. मात्र उमेदवाराने जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा उत्तीर्ण होऊन गुणवत्ता यादीत स्थान मिळविलेले असले पाहिजे. त्यानंतर क्रम लावला जातो तो खेळातील कर्तृत्वावर. हा विचार मला फार पटतो. उंबरठा सर्वांना सारखा ठेवावा, तो ओलांडण्याइतकी पात्रता सिद्ध झाली की मग मैदानावरील कष्टांना मोल द्यावे, यात गुणवत्तेचा अधिक्षेप नाही आणि खेळाडूवर उपकारही नाही. उणीव एवढीच, की ही वाट खुली आहे हे परंडा-भूम-वाशीच्या शाळेतील मुलीला अकरावीत जाताना कोणी सांगत नाही. दार उघडून ठेवणे आणि बोलवायला जाणे यांत अंतर आहे, आणि अमेरिकेतील प्रशिक्षक ज्यासाठी हजारो मैल हिंडतो ते हे बोलावणे होय.

मला असे वाटते, की बोलावण्याचा प्रारंभ मुंबई-पुण्याने अथवा आयआयटीने करण्याची प्रतीक्षा न करता मराठवाड्यातील महाविद्यालयांनीच तो करावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या देशविख्यात संस्थेचा परिसर 1986 पासून तुळजापुरात आहे. उमरगा, कळंब, नळदुर्ग येथे जुनी महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या नव्या रचनेत क्रीडेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळू लागले आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांत 25 वर्षांपर्यंत खेळता येते, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण पुरे होईपर्यंत खेळाडूला मैदान उपलब्ध आहे. अडते ते साध्या गोष्टींवर. स्पर्धेच्या आठवड्यातच सत्रपरीक्षा येते आणि फेरपरीक्षा घ्यावी की नाही हे प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडलेले असते. पहाटेचा सराव आटोपून येणाऱ्या मुलीचा प्रयोगशाळेतील पहिला तास बुडतो. वसतिगृहाचा भोजनखर्च तिच्या शरीराला लागणाऱ्या अन्नाचा विचार करून आकारलेला नसतो. आणि तिला जे गणित वा इंग्रजी कठीण जाते, ते स्वतंत्रपणे शिकविण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर नसते. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की महाविद्यालयाने निवडलेल्या खेळाडूला प्रवेशाच्या वेळी एक लेखी पत्र द्यावे, त्यावर प्राचार्यांची सही असावी, आणि त्यात चार कलमे असावीत: स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा ठराविक मुदतीत पुन्हा घेतली जाईल, कच्च्या विषयासाठी अमुक प्राध्यापक आठवड्यातून दोनदा तिला स्वतंत्र शिकवतील, वसतिगृहातील दोन वेळच्या जेवणाचा भार महाविद्यालय उचलेल, आणि दुखापतीने खेळ थांबला तरी यांतील काहीही थांबणार नाही. चौथे कलम आयव्ही लीगच्या करारातून निःसंकोचपणे उचलावे. ते पत्र हाती असेल, तर लातूरची खोली पाहायला निघालेल्या बापापुढे प्रथमच दुसरा निश्चित मार्ग ठेवता येईल. तो बाप अडाणी हट्टाने मैदान तोडतो असे कोणी समजू नये. त्याला लेखी काही मिळालेले नसते, एवढेच.

असे खेळाडू शोधण्यासाठी हेरांची फौजही नको. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांचे प्रवेशअर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जमा होतात, आणि प्रत्येक अर्जावर खेळाडूचे नाव, जन्मतारीख, शाळा आणि इयत्ता नमूद केलेली असते. एखाद्या महाविद्यालयाने खात्याच्या संमतीने ते अर्ज पाहिले, त्यांतून दहावीत असलेल्या मुलामुलींची तालुकावार यादी काढली, आणि दिवाळीची सुट्टी संपण्यापूर्वी एका क्रीडाशिक्षकाला व एका गणिताच्या प्राध्यापकाला बरोबरच त्या घरांकडे धाडले, तर निकाल लागण्याच्या सहा-सात महिने आधी बोलणे सुरू होईल. दोघांनी मिळूनच जावे, असे मी आग्रहाने म्हणतो. एकटा क्रीडाशिक्षक गेला तर घरच्यांना पोरगी खेळातच अडकेल अशी धास्ती वाटेल, आणि एकटे प्राध्यापक गेले तर पोरीला मैदान सुटण्याची.